रान मिळाले, पण नांगर?

परवा काही कामानिमित्त आम्ही महाळुंगे येथे गेलो होतो. चाकणजवळचे महाळुंगे वेगळे. हे मुळशी तालुक्यातले, बालेवाडीला खेटून मुळा नदीच्या काठी वसलेले गाव. १९९४ साली पुण्यात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या, त्यासाठी उभारलेले श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल महाळुंगे-बालेवाडीच्याच शिवारात आहे. पुढे शेजारी हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या, मोठे रस्ते आले, महाळुंगे-माण नगररचना योजना आली आणि जून २०२१ मध्ये हे गाव पुणे महानगरपालिकेत गेले. जिथे पूर्वी बाजरीची कणसे डुलत होती, तिथे आता वीस-वीस मजल्यांचे मनोरे उभे आहेत.

रस्त्यालगतच्या एका हॉटेलच्या दारात शोभेसाठी एक लाकडी नांगर ठेवलेला होता. त्याला चकचकीत पॉलिश केलेले, वर रंगीत दिव्यांची माळ सोडलेली. आमच्याबरोबर सातवीत शिकणारी आमची नात होती. तिने विचारले, "आजोबा, हे काय आहे?" आम्ही मोठ्या उत्साहाने तिला सांगू लागलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि दुसरा प्रश्न केला, "आपल्या घरी होता का असा नांगर?"

या प्रश्नाला आम्ही पटकन उत्तर देऊ शकलो नाही. उत्तर एका शब्दाचे होते, 'नव्हता'. परंतु का नव्हता, हे सांगायचे तर रस्त्यावर उभे राहून सांगण्यासारखे नव्हते. म्हणून ते येथे लिहीत आहोत. कारण हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही. आपल्या समाजातील बहुसंख्य घरांचा तो प्रश्न आहे.

नांगर म्हणजे काय?

ज्या मुलांनी नांगर फक्त चित्रात पाहिला, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. जुना नांगर बाभळीच्या लाकडाचा. जमिनीत शिरतो तो जाड भाग म्हणजे खोड. खोडाच्या टोकाला बसवलेली लोखंडी पट्टी म्हणजे फाळ. माती फोडण्याचे खरे काम हा फाळ करतो. खोडापासून बैलांपर्यंत गेलेले लांब लाकूड म्हणजे हाळीस, आणि नांगरणारा माणूस मागून ज्याला धरून चालतो ते रुमणे. बैलांच्या मानेवर जू, जुवाला शिवळा आणि जोती, हातात कासरा. नांगर चालत गेला की मागे जी रेघ पडते, तिला तास म्हणतात.

रब्बीचे पीक निघाले की उन्हाळ्यात नांगरट करायची. मोठाली ढेकळे उलटून पडतात आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापतात. हरळी-कुंद्यासारख्या चिवट तणांच्या मुळ्या वाळून जातात, जमिनीतले किडींचे कोष उघड्यावर येऊन मरतात आणि पहिल्या पावसाचे पाणी वाहून न जाता आत मुरते. मग कुळवाने ढेकळे फोडून रान सारखे करायचे, पाऊस पडला की पाभरीने पेरायचे आणि पीक उगवून आले की कोळप्याने तण काढायचे. मुळशीच्या पश्चिम भागात भाताची खाचरे आहेत. तिथे राब भाजून रोप तयार करायचे आणि भर पावसात गुडघाभर चिखलात औत फिरवून चिखलणी करायची. इकडे पूर्वेच्या सपाट रानात ज्वारी-बाजरी. पीक कोणतेही असो, नांगर, कुळव, पाभर, कोळपे, मोट आणि गाडी ही सारी ओढणारी बैलजोडी एकच. म्हणूनच आपल्याकडे 'त्याच्या घरी औत आहे' असे म्हटले की तो माणूस चार लोकांत उभा राहण्यासारखा आहे, असा अर्थ होत असे.

काळ्या खोल जमिनीत लाकडी नांगराला चार, सहा, प्रसंगी आठ बैल जुंपावे लागत. इतके बैल एकाच्या घरी नसत. मग शेजारी-शेजारी पैरा करीत. आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या रानात. ही पद्धत चांगली होती. पण पैरा करायला निदान एक तरी बैल दावणीला असावा लागे. ज्याच्याकडे एकही नाही, तो पैऱ्यात काय घालणार?

मातीचे बैल

गावगाड्यात नांगराशी प्रत्येकाचे नाते ठरलेले होते. सुतार नांगर घडवी, लोहार फाळ शेवटून धार देई आणि त्याबद्दल दोघांना सुगीत बलुते मिळे. महारही बलुतेदारच. गावाची राखण, शिवेची साक्ष, सरकारी सांगावे ही त्याची कामे. आणि बैल जिवंत असेपर्यंत त्याच्या दाव्याला हात लावण्याची सोय नाही, पण तो बैल मेला की ओढून नेण्याचे काम मात्र महाराचे! जिवंत बैल नांगराचा आणि मेलेला बैल महाराचा, अशी ही वाटणी होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्यास सांगितले आणि आपल्या लोकांनी मेलेली गुरे ओढणे टाकले, ते या वाटणीला दिलेले पहिले उत्तर होते. ते उत्तर देताना अनेक गावांतून आपल्या माणसांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. ते आपण विसरता कामा नये.

आमच्या लहानपणी वतनाच्या रानातला दीड एकराचा तुकडा आमच्या वडिलांच्या नावावर झाला. घरात केवढा आनंद! परंतु बैल नव्हते. बैलजोडी घ्यायची तर पैसा हवा आणि पोसायची तर वर्षभर वैरण हवी. दीड एकरातला कडबा जोडीला चार महिनेही पुरत नाही. मग गावातल्या औतवाल्याकडे जायचे. तो आधी आपले रान उरकणार, मग भावकीचे, मग पैऱ्यातल्यांचे आणि सर्वांत शेवटी आमचे. शेतकरी जाणतात की पावसानंतर जमिनीला वाफसा येतो, म्हणजे माती फार ओलीही नसते आणि फार कोरडीही नसते. ते दिवस मोजके असतात. वाफसा कोणासाठी थांबत नाही. आमच्या रानात पाभर येईपर्यंत तो उडून गेलेला असे. शेजारच्या रानात बाजरी वीतभर झाली, तरी आमचे रान उघडेच.

दोन दिवसांच्या औताबद्दल आई-वडील त्या घरी सहा दिवस राबत. कोळपणीच्या वेळी तर औत मागायची सोय नसे, कारण त्याच दिवसांत ते सगळ्यांनाच हवे असे. मग वडील पुढे होऊन स्वतः कोळपे ओढीत आणि आई मागून रुमणे धरी. बाईने औताला हात लावू नये, अशी त्या काळी समजूत होती. पण जिथे बैलाच्या जागी माणूस, तिथे कसली समजूत आणि कसले काय! पोळ्याच्या दिवशी गावातले बैल सजून निघत. आम्ही भावंडे ओढ्याची माती आणून बैल करीत असू. आमच्या घरचे बैल मातीचेच होते.

सांगायचे तात्पर्य असे, की रान मिळाल्याने माणूस शेतकरी होत नाही. रान आणि नांगर या दोन्ही गोष्टी एका हातात आल्या, तरच तो शेतकरी होतो.

लोखंडाचे विष आणि दोन वर्षांची वाट

नांगर सुधारावा, असा प्रयत्न आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच झाला. लाकडी नांगर माती फाडतो, पण दोन तासांच्या मध्ये न नांगरलेली पट्टी राहून जाते. लोखंडी नांगराला पंखा असतो. त्यामुळे माती कापली जाऊन पूर्ण उलटते आणि धसकटे खाली गाडली जातात. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात असा नांगर तयार केला. लोखंडामुळे जमिनीत विष भिनेल, अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर घरोघरी गेला. जुनी समजूत अनुभवाने मोडते, हा यातला धडा आहे. परंतु नांगर कितीही चांगला निघाला, तरी तो विकत घेण्याची ऐपत कोणाची, हा प्रश्न उरतोच.

पिंपळे सौदागरचा हिशेब

महाळुंग्याहून फार दूर नाही असे पिंपळे सौदागर हे गाव. आज तिथेही इमारतींचे जंगल आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी या गावाची घरोघर पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यातला एक हिशेब पुढे अर्थशास्त्राच्या कितीतरी पुस्तकांत आला. १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकर झाली आणि १९१४-१५ च्या सुमारास अवघी ७ एकर उरली. तुकडे होत होत शेती परवडेनाशी झाली, तेव्हा तुकडे जोडून मोठी शेते करावीत, असे त्या काळचे विद्वान म्हणू लागले.

नेमक्या याच वेळी, १९१८ साली, बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर इंग्रजीतून निबंध लिहिला. त्या वेळी ते सत्तावीस वर्षांचे होते. त्यांनी विद्वानांच्या मताला धक्का दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की शेत लहान की मोठे, हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. ते कसायला लागणारे भांडवल, जनावरे, अवजारे आणि मनुष्यबळ यांच्या प्रमाणावरून ठरते. आपल्या शेतकऱ्याजवळ साधने इतकी तुटपुंजी आहेत, की त्या मानाने आहे ती शेतेसुद्धा मोठीच म्हणावी लागतील. शिवाय गरजेपेक्षा जास्त माणसे शेतीवर अवलंबून आहेत. त्यांना दुसरा रोजगार मिळेल असे कारखाने देशात निघाले पाहिजेत. हाच शेतीच्या दुखण्यावरचा खरा उपाय होय.

आमचे दीड एकर आणि मातीचे बैल आठवले, की बाबासाहेबांचे हे म्हणणे किती खरे होते, ते कळते. त्या दीड एकराला आणखी दीड एकर जोडून दिले असते, तरी औताशिवाय ते पडीकच राहिले असते.

सिद्धार्थाचा प्रश्न

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थ गौतमाच्या तरुणपणातील एक प्रसंग दिला आहे. सिद्धार्थ आपल्या वडिलांच्या शेतावर गेला असता, अपुऱ्या वस्त्रांनिशी, तळपत्या उन्हात नांगरणी करणारे मजूर त्याला दिसले. एकाने राबावे आणि दुसऱ्याने त्याच्या श्रमाच्या फळावर जगावे, हे योग्य कसे, असे त्याने आपल्या मित्राला विचारले. मित्राजवळ उत्तर नव्हते. त्याच ग्रंथात असेही सांगितले आहे, की शाक्यांच्या वप्रमंगल उत्सवात, म्हणजे पेरणीच्या दिवशी, प्रत्येक शाक्याने स्वतः नांगर धरण्याची रीत होती आणि सिद्धार्थ ती न चुकता पाळीत असे. विद्वान असूनही त्याला हाताच्या कामाची लाज वाटत नव्हती.

ज्या गौतमाने स्वतः नांगर धरला, त्यानेच नांगर धरणाऱ्याचा हक्क विचारला. आपण ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

कसणारा कोण?

सिद्धार्थाचा हाच प्रश्न स्वतंत्र भारतात कायद्यापुढे आला. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा झाली. मुंबई राज्यात १९४८ साली कूळकायदा झाला आणि त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कुळे मालक झाली असे मानले गेले. हजारो शेतकऱ्यांचे त्याने कल्याण झाले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु कायद्यात 'जातीने जमीन कसणे' याची व्याख्या काय आहे? आपल्या देखरेखीखाली पगारी मजुराकडून करवून घेतलेली शेती हीसुद्धा जातीने कसलेलीच! म्हणजे बांधावर उभा राहणारा कसणारा ठरला आणि रुमण्यावर ज्याचा हात, तो सालगडी कसणारा ठरला नाही. त्या सालगड्यांत आपली माणसे किती होती, हे वाचकांस वेगळे सांगायला नको.

वतनाच्या जमिनींची कथाही अशीच लांबलेली. वतनाच्या गुलामीतून महारांना सोडवावे म्हणून बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १९५९ पासून अमलात आला. ठरावीक रक्कम भरल्यावर जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, परंतु त्या 'नव्या शर्तीवर'. १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर मोठा लढा उभारला. लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. आयाबायांनी कडेवरच्या लेकरांसह तुरुंगवास पत्करला, तो जमिनीसाठी.

परंतु जमिनीबरोबर नांगर, हे बाबासाहेबांचे सूत्र कोणी उचलले? १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी घटनेसाठी जे निवेदन तयार केले, ते 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या नावाने आपण ओळखतो. शेती हा सरकारी उद्योग असावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकरीत्या कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच राहणार नाहीत, असे त्यात सुचवले होते. आणि पाणी, नांगराचे बैल, अवजारे, खत व बियाणे हे सर्व सरकारने पुरवावे, असेही त्यात लिहिले होते. देशाच्या घटनेचा विचार करताना ज्यांना औताच्या बैलाची आठवण राहिली, असे ते महामानव होते! १९१८ च्या निबंधापासून १९४७ च्या निवेदनापर्यंत बाबासाहेब हेच सांगत आले. तो भाग घटनेत आला नाही, हे आपले आणि देशाचेही दुर्दैव.

आता काय करावे?

आता बैल गेले, ट्रॅक्टर आला. पण वाफशाचा प्रश्न संपला, असे कोणी समजू नये. भाड्याचा ट्रॅक्टर आधी मोठ्या रानात जातो, लहान तुकड्याकडे शेवटी वळतो. औतवाल्याच्या जागी ट्रॅक्टरवाला आला, एवढाच फरक.

आज दोन सरकारी योजना आपल्या कामाच्या आहेत. पहिली, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन द्यावी, अशी ही योजना २००४ पासून आहे आणि २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. सरकारी दरात जमीन विकणारा मिळत नाही, ही तिची मोठी अडचण. दुसरी, २०१२ पासूनची मिनी ट्रॅक्टर योजना. ज्या बचत गटात किमान ८० टक्के सभासद अनुसूचित जाती व नवबौद्ध आहेत, त्या गटाला साडेतीन लाख रुपयांच्या मर्यादेत लहान ट्रॅक्टर व त्याची अवजारे ९० टक्के अनुदानावर मिळावीत, अशी ही योजना. एकीत जमीन आहे आणि दुसरीत नांगर आहे. सरकारने या दोन्हींची गाठ मारलेली नाही. ती आपणच मारली पाहिजे. ज्या गावात आपल्या दहा-बारा कुटुंबांकडे तुकडे-तुकडे रान आहे, तिथल्या भगिनींनी गट करावा, ट्रॅक्टर गटाच्या नावे घ्यावा आणि पहिली नांगरट सर्वांत लहान तुकड्याची करावी. हाच आजचा पैरा. नियम बदलत असतात, तेव्हा अर्जापूर्वी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावे.

आणि महाळुंग्यासारख्या शहरात गेलेल्या गावांतील बांधवांना आमचे हात जोडून सांगणे आहे. तुमच्या रानात आता नांगर चालणार नाही, हे खरे. पण सातबारा अजून आहे. तो काढून पाहा. त्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले आहे का, कोणाकोणाची नावे आहेत, बहिणींची नावे लागली आहेत का, हे नीट वाचा. हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क दिला आहे. समजून घेतल्याशिवाय कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही करू नका. आपल्या वाडवडिलांना ते रान मिळाले तेव्हा नांगर नव्हता. आज त्या रानाचे मोल आले आहे, तेव्हा त्याचा हिशेब तरी आपल्या हातून सुटू नये.

नातीला आम्ही हे सारे घरी बसवून सांगितले. तिने शेवटी विचारले, "मग आजोबा, त्या दीड एकराचे काय झाले?" आम्ही पेटीतून सातबारा काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. वाचायला येते ना, मग वाच म्हटले. ती मोठ्याने नावे वाचू लागली. आमच्या दोन बहिणींची नावे त्यात नव्हती. ती लावून घेण्यासाठी येत्या सोमवारी आम्ही तलाठी कार्यालयात जाणार आहोत. वाचकांनीही आपापली पेटी उघडावी, एवढीच विनंती.

जयभीम!